बल कोणाचे आणि कोणावर : यामिकीची उदाहरणे सोडवण्याची रीत

सोलापुरातल्या धोट्याच्या यंत्रमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, एका बाजूच्या पेटीतून सुटतो, ताण्याच्या धाग्यांमधल्या फटीतून सरकत जातो आणि दुसऱ्या बाजूच्या पेटीत थांबतो. अकरावीच्या मुलांना मी पहिल्याच दिवशी विचारतो की, धोटा निम्म्या वाटेवर असताना त्याला पुढे कोण ढकलते? ज्यांच्या घरी माग आहेत ती मुलेसुद्धा थोडा विचार करून ‘फटक्याचे बल’ असे उत्तर देतात. फटका मारणारा दांडा तर केव्हाच मागे राहिलेला असतो. त्या क्षणी पृथ्वी धोट्याला खाली ओढत असते, खालची फळी त्याला वर रेटत असते आणि फळी व धागे यांचे थोडे घर्षण त्याला मागे खेचत असते. पुढे ढकलणारे कोणीही नसते. धोटा पुढे जातो तो जडत्वामुळे, आणि जडत्व हे बल नव्हे. वस्तूचा वेग बदलण्यासाठी बल लागते, वेग टिकण्यासाठी लागत नाही.

बले, आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम) आणि प्रक्षेप्य गती (फेकलेल्या वस्तूची गती) ही तीन प्रकरणे पुस्तकात वेगवेगळी छापलेली असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तीन वेगळ्या युक्त्या लागतात असा विद्यार्थ्यांचा समज होतो. माझ्या अनुभवाप्रमाणे या तिन्ही ठिकाणी होणाऱ्या चुका बहुतांशी एकाच जागी होतात. आकृतीत असा एखादा बाण काढला जातो, ज्याचा धनी कोण हे काढणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून पुढे जी रीत दिली आहे तिच्यात सूत्रे उशिरा येतात आणि प्रश्न आधी येतात.

आधी आकृती

कागदावर प्रथम एकच वस्तू काढावी. उदाहरणात गाडी, बैल, रस्ता आणि गाडीवान असे सर्व असले, तरी आपण ज्याचा विचार करणार आहोत ती एकच वस्तू निवडून बाकीचे सारे कागदाबाहेर ठेवावे. मग त्या वस्तूच्या कडेने मनातल्या मनात बोट फिरवावे आणि तिला कोण कोण स्पर्श करते ते पाहावे. दोरी, जमीन, भिंत, हात, पाणी, हवा यांपैकी ज्याचा स्पर्श आहे त्याचेच बल असू शकते. स्पर्श न करता बल लावणारी, या पातळीवरच्या उदाहरणांत, एकटी पृथ्वी असते. विद्युत आणि चुंबकीय बलांची पाळी पुढच्या प्रकरणांत येते.

प्रत्येक बाणाशेजारी दोन नावे लिहावीत : बल कोणाचे आणि कोणावर. ‘पृथ्वीचे, गठ्ठ्यावर’, ‘फरशीचे, गठ्ठ्यावर’, ‘दोरीचे, गठ्ठ्यावर’ अशी ती नावे होतील. दुसरे नाव सर्व बाणांवर एकच असले पाहिजे, कारण आकृतीत वस्तू एकच आहे. ज्या बाणाचे पहिले नाव सांगता येत नाही तो बाण खोडून टाकावा. ‘गतीचे बल’, ‘फटक्याचे बल’ आणि ‘फेकण्याचे बल’ हे तिघे येथेच गळून पडतात.

या दोन नावांचा आणखी एक उपयोग आहे. न्यूटनने १६८७ साली मांडलेला तिसरा नियम मुले धडाधड म्हणून दाखवतात, पण क्रिया आणि प्रतिक्रिया यांची जोडी लावताना चुकतात. जमिनीवर ठेवलेल्या गठ्ठ्याचे वजन आणि त्याला जमिनीने दिलेला वरचा रेटा ही जोडी आहे, असे कित्येकांना वाटते. नावे उलटी करून पाहावीत. ‘पृथ्वीचे, गठ्ठ्यावर’ याच्या उलट ‘गठ्ठ्याचे, पृथ्वीवर’ होते. म्हणजे गठ्ठाही पृथ्वीला तितक्याच बलाने वर ओढत असतो, आणि जोडी ती आहे. वजन आणि जमिनीचा रेटा ही दोन्ही बले एकाच गठ्ठ्यावर आहेत, म्हणून ती क्रिया-प्रतिक्रिया असूच शकत नाहीत. ती काही प्रसंगी समान असतात, ही निराळी गोष्ट झाली, आणि ती केव्हा समान नसतात हे लगेच पुढे दिसेल.

आणखी एक किरकोळ दिसणारी बाब येथेच उरकून घेऊ. बाजारात आपण ‘पन्नास किलो वजनाचे पोते’ म्हणतो. भौतिकशास्त्रात पन्नास किलोग्रॅम हे वस्तुमान आहे आणि वजन म्हणजे पृथ्वीने लावलेले बल, जे ५० × ९.८ = ४९० न्यूटन होते. यातले ९.८ म्हणजे गुरुत्वत्वरण, आणि त्याचे मूल्य सगळीकडे अगदी सारखे नसते. विषुववृत्ताकडे आणि उंचावर जाताना ते किंचित घटते, म्हणून सुमारे साडेसतरा अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर असलेल्या सोलापुरात ते ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास येते. परीक्षेत मात्र ९.८ घ्यावे आणि पुढे जावे.

गठ्ठा ओढावा की ढकलावा

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यातून चादरींचा ६० किलोग्रॅमचा गठ्ठा फरशीवरून दारापर्यंत न्यायचा आहे, असे समजू. फरशी आणि गोणपाट यांच्यातील गतिक (वस्तू सरकत असतानाचा) घर्षणगुणांक ०.४ धरू, म्हणजे घर्षण फरशीच्या रेट्याच्या ०.४ पट. गठ्ठा सावकाश आणि एकसमान वेगाने न्यायचा आहे, म्हणजे त्याचे त्वरण शून्य आहे आणि प्रत्येक दिशेतील बलांची बेरीजही शून्य झाली पाहिजे.

गठ्ठ्याचे वजन ६० × ९.८ = ५८८ न्यूटन आहे. दोरी क्षितिजसमांतर धरून ओढली, तर फरशीचा वरचा रेटाही ५८८ न्यूटन, घर्षण ०.४ × ५८८ = २३५ न्यूटन आणि म्हणून दोरीतील ताणही २३५ न्यूटन हवा. येथवर सर्वांचे बरोबर येते.

आता दोरी क्षितिजसमांतर दिशेशी ३० अंशांचा कोन करून वर धरली. ताणाचे दोन घटक होतात. पुढचा घटक ताण गुणिले कोनाची कोसाइन, म्हणजे ०.८६६ पट, आणि वरचा घटक ताण गुणिले साइन, म्हणजे ०.५ पट. जुन्या मराठी पुस्तकांत साइनला ज्या आणि कोसाइनला कोज्या म्हणत असत. शब्द सुरेख आहेत, परंतु आज वर्गात ते कोणाला कळत नाहीत. दोरीचा वरचा घटक गठ्ठ्याचा काही भार उचलून धरतो, त्यामुळे फरशीला वर कमी रेटावे लागते. फरशीचा रेटा आता ५८८ वजा अर्धा ताण इतकाच राहतो, आणि घर्षण त्याच्या ०.४ पट असल्याने तेही घटते. समीकरण असे होते : ०.८६६ × ताण = ०.४ × (५८८ − ०.५ × ताण). हे सोडवले की ताण सुमारे २२१ न्यूटन येतो. पुढे नेणारा घटक कमी झाला, तरीही एकूण बल कमी लागले.

याच गठ्ठ्याला मागून, वरून खाली ३० अंशांच्या कोनात ढकलले, तर उलटे घडते. हाताच्या बलाचा खालचा घटक गठ्ठ्याला फरशीवर दाबतो, फरशीचा रेटा ५८८ अधिक अर्धे बल इतका होतो, घर्षण वाढते आणि आवश्यक बल ३५३ न्यूटनपर्यंत जाते. ओढण्यापेक्षा दीडपटीहून अधिक! हमाली करणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही; तो जड गठ्ठ्याला आकडा लावून ओढतो. ज्या विद्यार्थ्याने ‘फरशीचा रेटा म्हणजे वजनच’ असे पाठ केलेले असते, त्याचे उत्तर मात्र दोन्ही वेळा २७२ न्यूटन येते आणि ओढणे व ढकलणे यांत त्याला फरकच दिसत नाही. फरशीचा रेटा कधीही गृहीत धरू नये. तो नेहमी ऊर्ध्व दिशेच्या समीकरणातून काढावा.

सर्वांत कमी बल कोणत्या कोनात लागेल, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच. ज्या कोनाचा टॅन घर्षणगुणांकाइतका असतो तो कोन. येथे तो सुमारे २२ अंश आहे आणि बल २१८ न्यूटन लागते. ३० अंशांच्या तुलनेत फरक तीन न्यूटनांचाही नाही, म्हणून प्रत्यक्षात कोनमापक घेऊन बसण्याचे कारण नाही.

घर्षणगुणांक घरीच काढता येतो. लाकडी फळीवर वस्तू ठेवून फळीचे एक टोक अगदी हळू उचलत जावे आणि वस्तू सुटते त्या क्षणी थांबून त्या टोकाची उंची आणि फळीने जमिनीवर व्यापलेली लांबी मोजावी. उंचीला त्या लांबीने भागले की स्थितिक घर्षणगुणांक मिळतो. गतिक गुणांक सहसा याहून थोडा कमी असतो, म्हणूनच जड कपाट हलेपर्यंत फार जोर लागतो आणि हलू लागले की ते सोपे वाटते.

फिरवणारे बल

दाराला बिजागरीजवळ ढकलून पाहावे आणि मग कडीजवळ ढकलून पाहावे. बल तेच असले तरी परिणाम वेगळा होतो, कारण फिरवण्याचा परिणाम बलाइतकाच बलाच्या जागेवरही अवलंबून असतो. या परिणामाचे माप म्हणजे आघूर्ण : बल गुणिले आसबिंदूपासून (ज्याभोवती वस्तू फिरते त्या बिंदूपासून) त्या बलाच्या क्रियारेषेपर्यंतचे लंबांतर. यातला ‘लंबांतर’ हा शब्द विसरला जातो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला काटकोनात १५० न्यूटन बल लावले, तर आघूर्ण १५० × ०.२ = ३० न्यूटन-मीटर होते. तेच बल पान्याशी ३० अंशांचा कोन करून लावले, तर लंबांतर निम्मे होते आणि आघूर्ण १५ न्यूटन-मीटर उरते. पान्याची लांबी आहे तेवढीच असते, पण बलाची रेषा नटच्या जवळून जाऊ लागते.

स्थिर वस्तूसाठी आता दोन अटी झाल्या : सर्व बलांची बेरीज शून्य, आणि कोणत्याही एका बिंदूभोवती सर्व आघूर्णांची बेरीज शून्य. दुसऱ्या अटीतील ‘कोणत्याही’ हा शब्द म्हणजे सोडवणाऱ्याला मिळालेली मोकळीक आहे. जे बल आपल्याला ठाऊक नाही आणि हवेही नाही, त्याच्याच जागी आसबिंदू घ्यावा. त्याचे लंबांतर शून्य होते आणि ते समीकरणातून निघून जाते.

साखर कारखान्यांच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या दिसतात, आणि आघूर्णाचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. गाडीवर ६०० किलोग्रॅम ऊस आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य (सारे वजन जेथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू) आसाच्या १० सेंटिमीटर पुढे आहे, असे धरू. आसापासून जूपर्यंतचे अंतर २.५ मीटर मानू आणि गाडीचे स्वतःचे वजन सोडून देऊ. निवडलेली वस्तू म्हणजे गाडी, उसासकट. तिच्यावर तीन ऊर्ध्व बले आहेत : पृथ्वीचे ५८८० न्यूटन खाली, चाकांचे वर, आणि बैलांच्या मानांचे जूमार्फत वर. चाकांचे बल नको आहे, म्हणून आसाभोवती आघूर्ण घ्यावेत. वजनाचे आघूर्ण ५८८० × ०.१ = ५८८ न्यूटन-मीटर आहे. मानांच्या बलाचे आघूर्ण तितकेच हवे, म्हणून ते बल ५८८ ÷ २.५ = २३५ न्यूटन. दोन बैलांच्या मानांवर मिळून जेमतेम २४ किलोग्रॅमचा भार झाला आणि उरलेले ५६४५ न्यूटन चाकांनी घेतले.

ऊस भरताना तो थोडा पुढे सरकला आणि गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे गेला, तर मानांवरचे बल तिप्पट, म्हणजे सुमारे ७०६ न्यूटन होते. एकूण भार एका किलोनेही वाढलेला नाही. उलट गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटिमीटर मागे गेला, तर समीकरण सोडवून उत्तर उणे २३५ येते. उणे चिन्ह पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपण बाण वर काढला होता आणि बल खाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याखालचे पट्टे ताणतात आणि गाडीवान म्हणतो की गाडी उलाळ झाली. भार आसाच्या किंचित पुढे ठेवण्याची शेतकऱ्याची सवय ही या चिन्हाचीच खबरदारी आहे.

दोन टेकूंवरच्या फळीचे उदाहरणही याच मार्गाने सुटते. फळी ४ मीटर लांब व २०० न्यूटन वजनाची आहे, तिची दोन्ही टोके टेकलेली आहेत आणि ६०० न्यूटन वजनाचा रंगारी डाव्या टोकापासून १ मीटरवर उभा आहे. डाव्या टोकाभोवती आघूर्ण घेतले की उजव्या टेकूचे बल (२०० × २ + ६०० × १) ÷ ४ = २५० न्यूटन येते आणि डावीकडे ५५० न्यूटन उरते. फळीचे स्वतःचे वजन तिच्या मध्यावर घ्यायचे असते, हे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

गुरुत्वमध्याबद्दल एक गैरसमज फार चिवट आहे. दांड्याचा झाडू दोन हातांच्या एकेका बोटावर आडवा ठेवावा आणि बोटे हळूहळू जवळ आणावीत. ती गुरुत्वमध्याखाली येऊन भेटतात आणि झाडू तोललेला राहतो. आता प्रश्न असा की, त्या जागी झाडू कापला तर दोन्ही तुकड्यांचे वजन सारखे भरेल का? बहुतेक जण होकार देतात. तुकडे तराजूत घातले, तर कुंच्याकडचा तुकडा जड निघतो. तोल साधताना समान झाली होती ती आघूर्णे. जड तुकडा बोटाजवळ आखूड होता आणि हलका तुकडा लांबवर पसरला होता. बोटे आपोआप गुरुत्वमध्याकडे का सरकतात, हेही पाहण्यासारखे आहे. जे बोट गुरुत्वमध्याच्या जवळ असते त्यावर जास्त भार पडतो, तेथे घर्षण जास्त होते आणि ते थांबते. मग दुसरे बोट सरकते, ते जवळ आले की त्याची थांबण्याची पाळी येते.

सोलापूरकरांना आघूर्णाचे सर्वांत भव्य प्रात्यक्षिक दर जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या यात्रेत पाहायला मिळते. सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या बाराबंदी घातलेले मानकरी पेलून नेतात. त्यामागील श्रद्धा हा या लेखाचा विषय नाही. तोल कसा राहतो एवढेच येथे पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत : काठी ९ मीटर उंच, सर्वत्र सारखी, वजन ४०० न्यूटन, आणि तिचा तळ कमरेशी टेकलेला.

काठी अगदी उभी असताना वजनाची रेषा तळातून जाते, लंबांतर शून्य असते आणि काठीला पाडणारे आघूर्ण नसते. ती २ अंशांनी कलली, तर साडेचार मीटर उंचीवरचा गुरुत्वमध्य बाजूला सुमारे १६ सेंटिमीटर सरकतो आणि ४०० × ०.१५७ = ६३ न्यूटन-मीटर इतके आघूर्ण तिला आणखी कलवू लागते. पेलणाऱ्याचे हात तळापासून ६० सेंटिमीटर वर असतील, तर केवळ हातांनी सावरण्यासाठी त्याला १०५ न्यूटन बल लावावे लागेल. कल ५ अंशांवर गेला की तेच बल २६० न्यूटनच्या पुढे जाते, आणि तेही आडव्या दिशेत, उभ्या माणसाने. म्हणून कसलेला माणूस काठीशी झटत बसत नाही. काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला तो पाऊल टाकतो आणि तळच पुन्हा गुरुत्वमध्याखाली नेतो. लंबांतरच उरले नाही की आघूर्णही उरत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. इतकी उंच काठी सावरायला वेळ मिळतो तरी कसा? तळाभोवती मोकळी कलणारी एकसारखी काठी किती झपाट्याने पडू लागेल, हे तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, कारण लांबी वाढली की पाडणारे आघूर्ण लांबीच्या पटीत वाढते, पण काठीचे फिरण्याविरुद्धचे जडत्व लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे सारख्याच कलावर १ मीटरच्या काठीचे कोनीय त्वरण ९ मीटरच्या काठीच्या नऊपट असते. हे पटत नसेल, तर तळहातावर एकदा पेन्सिल आणि एकदा लांब बांबू तोलून पाहावा. पेन्सिल डोळ्यांदेखत पडते. बांबू आपल्याला पाऊल टाकायला सवड देतो. उंच काठी पेलताना अवघड जातो तो तिचा भार आणि वारा.

गोफणीचा दगड

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी निसवली की पाखरांपासून राखण करावी लागते, आणि त्यासाठी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात. गोफण फिरत असताना दगडाला वर्तुळात ठेवणारे बल एकच असते, ते म्हणजे दोरीचे, हाताकडे ओढणारे. दोरीचे एक टोक सोडले की ते बल संपते आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेने चाललेला असतो त्या दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून निघतो. दगड केंद्रापासून बाहेर, दोरीच्या रेषेत उडतो असे चित्र पुष्कळ वह्यांत असते. ते चूक आहे. हातापासून दगडापर्यंत १ मीटर अंतर आणि सेकंदाला तीन फेरे धरले, तर वेग २ × ३.१४ × १ × ३, म्हणजे सुमारे १९ मीटर प्रति सेकंद होतो. आपण हिशेबाला २० घेऊ.

आता हवेत असलेल्या दगडाची आकृती काढावी आणि पुन्हा तेच विचारावे : बल कोणाचे? दोरी सुटली, हात मागे राहिला. हवेचा विचार तूर्त बाजूला ठेवला, तर उरते फक्त पृथ्वी. एकच बाण, सरळ खाली. दगड वर जात असताना, माथ्यावर असताना आणि खाली येत असताना तो बाण बदलत नाही. माथ्यावर त्वरण शून्य होते, हे उत्तर म्हणूनच चुकीचे ठरते. प्रक्षेप्य गतीचे सगळे प्रकरण या एका बाणात आहे. क्षितिजसमांतर दिशेत बलच नाही, म्हणून त्या दिशेचा वेग कायम राहतो. ऊर्ध्व दिशेत त्वरण ९.८ खाली, म्हणून त्या दिशेची गती सरळ वर फेकलेल्या चेंडूसारखी असते. दोन्ही गतींना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. तोफगोळा सरळ रेषेत जातो आणि ‘जोर संपला’ की खाली कोसळतो, अशी चित्रे पूर्वी युरोपात काढली जात. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दोन गती वेगळ्या करून मार्ग अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचा) असल्याचे सिद्ध केले.

दगड जमिनीपासून ३ मीटर उंचीवरून, २० मीटर प्रति सेकंद वेगाने, ३० अंशांत सुटला असे घेऊ. पाटीचे दोन भाग करावेत. डाव्या भागात क्षितिजसमांतर : वेग २० × ०.८६६ = १७.३, त्वरण शून्य. उजव्या भागात ऊर्ध्व : सुरुवातीचा वेग २० × ०.५ = १०, त्वरण उणे ९.८, विस्थापन उणे ३, कारण दगड सुटला त्या जागेच्या ३ मीटर खाली पडणार आहे. एका भागातील संख्या दुसऱ्या भागात जाऊ देऊ नये. माझ्याकडे तपासायला आलेल्या वह्यांमध्ये सर्वाधिक गुण याच चुकीने जातात, कारण २० हा पूर्ण वेग सरळ ऊर्ध्व समीकरणात घातलेला असतो.

उजव्या भागातून −३ = १० × वेळ − ४.९ × वेळेचा वर्ग, हे वर्गसमीकरण मिळते. त्याचे धन उत्तर २.३१ सेकंद आहे. ते डाव्या भागात नेले की पल्ला १७.३ × २.३१, म्हणजे सुमारे ४० मीटर येतो. माथा सुटण्याच्या जागेपेक्षा १० × १० ÷ १९.६ = ५.१ मीटर उंच, म्हणजे जमिनीपासून ८.१ मीटरवर. वर्गसमीकरणाचे दुसरे उत्तर ऋण येते आणि ते सोडून द्यायचे असते.

सपाट जमिनीवरून फेकले, तर ४५ अंशांत पल्ला सर्वांत जास्त असतो आणि ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश होते त्यांचा पल्ला सारखा असतो, हे सर्वांना पाठ असते. २० मीटर प्रति सेकंद वेगाला ४५ अंशांत ४०.८ मीटर, तर ३० आणि ६० या दोन्ही अंशांत ३५.३ मीटर पल्ला मिळतो, फक्त पहिला दगड २.०४ सेकंदांत आणि दुसरा ३.५३ सेकंदांत पोहोचतो. पण राखणदार माळ्यावर उभा आहे. सुटण्याची जागा पडण्याच्या जागेपेक्षा उंच असली, की सर्वांत लांब जाणारा कोन ४५ पेक्षा कमी होतो. आपल्या उदाहरणात तो सुमारे ४३ अंश आहे आणि पल्ला ४३.७ मीटर. ४५ अंशांत ४३.६ मीटर मिळतात, म्हणजे पाखरांच्या दृष्टीने काहीच फरक नाही; उंची जास्त आणि वेग कमी असेल तेव्हा मात्र हा फरक डोळ्यांत भरतो. ‘४५ अंश’ हे उत्तर लिहिण्यापूर्वी सुटण्याची आणि पडण्याची पातळी एकच आहे का, ते पाहावे.

उत्तर पडताळण्यासाठी ऊर्जेचा उपयोग होतो. जमिनीवर आदळतानाचा वेग म्हणजे २० चा वर्ग अधिक २ × ९.८ × ३ यांचे वर्गमूळ, म्हणजे २१.४ मीटर प्रति सेकंद. यात कोन कोठेही आलेला नाही. दगड कोणत्याही कोनात फेकला तरी आदळण्याचा वेग तोच, दिशा तेवढी वेगळी. दोन भागांच्या पद्धतीने काढलेल्या अंतिम घटकांवरून हाच आकडा येत नसेल, तर मागे कोठे तरी चूक आहे.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर बोट दाबून धार सोडावी. सोलापूरच्या पुष्कळ भागांत नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा केवळ प्रयोगासाठी पाणी वाया घालवू नये. झाडांच्या निमित्तानेच करावा. पाइप १ मीटर उंचीवर क्षितिजसमांतर धरला आणि धार २.७ मीटरवर पडली, तर १ मीटर पडायला लागणारा वेळ ०.४५ सेकंद असल्याने पाण्याचा वेग सुमारे ६ मीटर प्रति सेकंद झाला. फूटपट्टी आणि वर्गमूळ यांवर वेग मोजून झाला, घड्याळ लागले नाही. मग बोटाचा दाब न बदलता पाइप जमिनीलगत आणून कोन वाढवत न्यावा. धार लांब जात जाते आणि साधारण निम्म्या काटकोनानंतर पुन्हा जवळ येऊ लागते.

हवेचा बाण शेवटी काढावा. त्याचे नाव ‘हवेचे, दगडावर’, दिशा नेहमी वेगाच्या विरुद्ध. दगड लहान आणि जड असेल, तर या वेगाला तो फारसा त्रास देत नाही. बॅडमिंटनचे फूल मात्र या बाणामुळेच अन्वस्ताकार मार्ग सोडून शेवटी जवळजवळ सरळ खाली येते, आणि पार्क मैदानावर उंच मारलेल्या चेंडूचा उतरता भाग चढत्या भागापेक्षा अधिक उभा दिसतो तोही यामुळेच. हा बाण आला की साधी समीकरणे पुरत नाहीत आणि संगणकावर लहान लहान वेळांचे तुकडे करून गणित करावे लागते.

सरावासाठी

दोन माणसे ३ मीटर लांबीच्या हलक्या बांबूला ३०० न्यूटनचे ओझे अडकवून नेत आहेत आणि ओझे पुढच्या माणसापासून १ मीटरवर आहे. मागच्या माणसाच्या खांद्याभोवती आघूर्ण घेऊन पुढच्यावरचे बल काढावे. उत्तर २०० न्यूटन, आणि मागच्यावर १००.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष करण्याचे आहे. ७५ सेंटिमीटर उंच टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवावीत. फूटपट्टीच्या एका फटक्याने एक नाणे पुढे उडवावे आणि त्याच क्षणी दुसरे सरळ खाली पडू द्यावे. फरशीवर दोन्ही नाण्यांचा आवाज एकदमच येतो, सुमारे ०.३९ सेकंदांनी. उडालेले नाणे टेबलाच्या कडेखालच्या बिंदूपासून ६० सेंटिमीटरवर पडले असेल, तर ते कड सोडताना सुमारे १.५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघाले होते.